बी-रोलचं बिरडं

बायको गेली तेव्हा भेटायला येणारी माणसं एक गोष्ट हमखास बोलायची. "तुमचं बरं आहे, काकीची फिल्म तरी आहे. आमच्या आईचा धड फोटो पण नाय." मी मान हलवायचो. दिवसकार्याच्या घरात कोणाशी वाद घालणार? पण खरं सांगायचं तर ती कॅमेऱ्यासमोर बसली त्या दिवशी मी तिथंच उभा होतो, आणि जी बाई बोलली ती माझी बायको नव्हती. तोंड तिचं, लुगडं तिचं, बोलणं भलत्याच कोणाचं.

झालं होतं असं. ऐरोलीला राहणारी एक पोरगी आमच्या करावे गावात यायला लागली. आधी कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर होती, ते सोडून फिल्म करत होती. गाण्याची-मारामारीची नाही, खऱ्या माणसांची. खाडीत जाणाऱ्या बायकांवर. आमच्यात पुरुष होडीनं जायचे, पागाचं जाळं फेकायचे, आणि बायका ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, कालवं, चिंबोऱ्या काढायच्या. आता तिवरांपलीकडं नुसते टॉवर दिसतात आणि चिखलात उतरणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर उरल्यात. माझी बायको गुडघे दुखायला लागेपर्यंत उतरत होती. गावात कोणी तरी त्या पोरीला सांगितलं, त्या घरी जा, ती बाई बोलते चिकार.

बोलायची हे खरं. जिन्यात असली तरी चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला कळायचं आज काय भाजी आहे ते. पण कॅमेरा लागला, लुगड्याला तो छोटा माईक टोचला, आणि बाईचं काय झालं देवाला माहीत. नाकात नथ, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि म्हणते, "पूर्वी आम्ही सर्व महिला खाडीमध्ये जात असू." असू! उभ्या जन्मात तिनं 'असू' म्हटलं नव्हतं. 'जावाचो' म्हणायची. 'आहे' तिच्या तोंडून मी फक्त शाळेतल्या बाईंसमोर ऐकला होता, तोही पोराचा निकाल घ्यायला गेलो तेव्हा.

मधे मधे घसरायची. घरचं बोलणं निसटायचं, की लगेच थांबायची. जीभ चावायची, त्या पोरीला म्हणायची, "ते काढून टाक गो. गावाली बोली नको दाखवू. लोक हसतान." पोरगी म्हणायची, "काकी, टेन्शन नका घेऊ, ते सगळं एडिटिंगला निघतं."

मी दाराशी उभा होतो. पोरीबरोबर आलेल्या कॅमेरावाल्यानं सगळ्यांना दम भरला होता, कोणी हलायचं नाही, पायाचा आवाज पण माईकमध्ये येतो. आत चुलीवर, म्हणजे गॅसवर, भात. मला वास यायला लागला. पण हलायचं नाही म्हटलंय. उभा राहिलो. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी लागलेला भात खाल्ला. पोरीनं पण खाल्ला, म्हणाली छान स्मोकी लागतोय. बायकोनं मला विचारलं, "ती काय बोलते?" मी म्हटलं, "करपलाय म्हनते, पन चांगल्या घरची हाय."

निघताना ती पोरगी म्हणाली, "काकी, बोलण्याचं झालं. उद्या येते, बी-रोल करू."

बायको म्हणाली, "उद्या कसं व्हईल? उद्या नाय व्हनार."

"का? परवा चालेल?"

"परवा पन नाय. वाल भिजाला लागतान, मोड याला लागतान. तू त्याच्यानंतर ये. रविवारी ये. ह्याला पन आन," म्हणजे कॅमेरावाल्याला.

पोरीला वाटलं काकी सोयीचा दिवस सांगतेय. काकीला वाटलं पोरगी बिरडं मागतेय. मला दोन्ही कळलं नाही, मी लागलेल्या भाताचं पातेलं घासत होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिरडं म्हणजे वालाचं. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतला दाणा टुणकन बाहेर. खायला घटकाभर, सोलायला सकाळ जाते. म्हणून कोणाच्या घरी बिरडं झालं की समजायचं, त्या घरात त्या माणसाला मान आहे.

रविवारी ती दोघं आली तेव्हा बायको घरच्याच पातळात, मोठी परात पुढ्यात घेऊन खाली बसली होती. अर्धे वाल सोलून झाले होते. पोरगी दारातच म्हणाली, "अरे वा, काकी, काय चाललंय?"

"तुजं बिरोल," बायको म्हणाली. "तूच सांगून गेलीस ना."

पोरगी आधी बघत राहिली. मग समजलं तिला. एवढी हसली, एवढी हसली, की कॅमेरावाला घाबरून पाणी आणायला गेला. नंतर तिनं आम्हाला समजावलं. माणूस बोलतो ती मुख्य फिल्म. आणि त्याच्यावर अधूनमधून जे दुसरं दाखवतात, खाडी, होडी, हात, पाय, भांडी, पक्षी, त्याला बी-रोल म्हणतात. बायको म्हणाली, "म्हंजे तोंडी लावाला." पोरगी म्हणाली, "करेक्ट, काकी. तोंडी लावायला."

मग म्हणाली, थांबा, उठू नका, हेच घेऊ. आणि कॅमेरावाला जमिनीवर पालथा पडून तिच्या हातांचं शूटिंग करायला लागला. बायको एकदम मोकळी. तोंड दिसणार नाही म्हटल्यावर तिला कसली भीती? वाल सोलत सोलत बोलत होती. कॅमेरावाल्याची आई कुठली, लग्न झालं का, का नाही झालं, केस का एवढे वाढवलेत. तो तिकडून "हां मौसी, हां मौसी" करतोय. मला पण त्यांनी संध्याकाळी खाडीवर नेलं. भर ओहोटीला पाग टाकायला लावला. मी म्हटलं मासे नाहीत आता. पोरगी म्हणाली, "माहीत आहे काका, मासे नाहीत, पण उजेड आहे." टाकला चिखलात. पुन्हा टाका म्हणाली, पुन्हा टाकला. खांदा भरून आला. पण नंतर बघितलं तेव्हा पटलं, तिचं खरं होतं. उजेड होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या फिल्मचं नाव बिरडं पडलं. "तुमचं बिरडं शिजलं का गो?" बायको फोनवर विचारायची. पोरगी म्हणायची, "काकी, अजून मोड येतायत."

मोड यायच्या आधी बायको गेली. छातीत पाणी झालं, दवाखाना झाला, घरी आणली, परत नेली. त्याच्याबद्दल मला लिहायचं नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही बघितलं त्यांनी बघू नये.

मी लिहितोय ते नंतरचं. माणूस गेलं की फोटो उरतो, कपडे उरतात. आवाज उरत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस कानात असायचा. सकाळी चहाला उठलो की वाटायचं, आता ओरडेल. मग हळूहळू पातळ व्हायला लागला. ती काय बोलायची ते आठवायचं, पण आवाजात नाही, नुसते शब्द. जसं वर्तमानपत्र वाचतो तसे. मी घाबरलो. सुनेला म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये बघ. तिनं बघितलं, माझ्या पोरानं बघितलं. लग्नातले व्हिडिओ होते, त्यात डीजे. बारशाचे होते, त्यात सगळ्या बायका एकदम. ही कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन. मोबाईल समोर धरला की गप बसायची ती, पहिल्यापासून. म्हणायची, "कशाला उगाच."

म्हणजे तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. त्या पोरीकडं. आणि तो पण 'जात असू'वाला.

पोरीनं मधे एकदा येऊन मला जवळ बसवलं, लॅपटॉप उघडला. फिल्म पूर्ण व्हायच्या आधी घरच्यांना दाखवायचीच, असं तिचं होतं. चांगलं आहे ते. बघितली. खाडी बघितली, पाग बघितला, तिवरांवरून उडणारे ते गुलाबी पक्षी बघितले. मग बायको आली. ताठ. "पूर्वी आम्ही सर्व महिला…" मी बघत राहिलो. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, नाही आलं. शेजारची कोणी सभ्य बाई बोलतेय असं ऐकलं. आणि अर्ध्या वाक्यावर तिचं तोंड गेलं आणि हात आले. परातीतले हात, वाल सोलताना, एकदम हळू हळू. खाली तिचंच बोलणं चालू, त्याच्या मागं बासरी. मग परत तोंड. थोडं बोलली की परत हात.

मी म्हटलं, "सारकं सारकं हात कशाला? तोंड दाखव की तिचं."

पोरगी जरा अडखळली. म्हणाली, "काका, तिथं कट आहे. काकी मधेच थांबल्या, किंवा दुसरं काही बोलल्या, ते मी काढलं. काढलं की चेहरा उडी मारल्यासारखा दिसतो. ती उडी दिसू नये म्हणून वर हात ठेवले. बी-रोलचं ते पण एक काम असतं. झाकायचं."

"म्हंजे झाकन."

"हो. पण नुसतं झाकण नाही हं, काका. शब्द एक सांगतात, हात दुसरं सांगतात. ते दोन्ही एकत्र…" ती बरंच बोलली. चांगलं बोलली असेल. माझं लक्ष उडालं होतं. मी एवढंच ऐकलं की जिथं जिथं हात आहेत, तिथं खाली काही तरी झाकलंय. आणि काय झाकलंय ते मला माहीत होतं. मी दाराशी उभा होतो ना.

"झाकन उचल," मी म्हटलं.

"अं?"

"ते हात बाजूला कर. खाली काय हाय ते मना बघाचं हाय."

ती म्हणाली, लॅपटॉपवर नाही, काढलेलं सगळं घरच्या डिस्कवर असेल. असेल म्हणाली, आहे म्हणाली नाही. जागा कमी पडते म्हणून बऱ्याच गोष्टी पुसाव्या लागतात म्हणे. मी विचारलं, कधी बघशील? म्हणाली, बघून फोन करते. मी म्हटलं, फोन नको, मीच येतो.

पोरगा म्हणाला, "बाबा, एवढ्या लांब कशाला, ती पाठवेल मोबाईलवर." मी म्हटलं, तू गप बस. ऐरोली म्हणजे काय परदेश आहे? बसनं गेलो. त्या बाजूला सगळ्या काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे घालून पोरं-पोरी चहाच्या टपरीवर उभी. पोरीच्या सोसायटीच्या वॉचमननं मला विचारलं, कोणाकडं, कशाला. कशाला ते काय सांगणार? म्हटलं, "बायकोकडं." त्यानं वहीत काय लिहिलं कोणास ठाऊक.

पोरीचं घर म्हणजे एक खोली, दोन मोठे पडदे कॉम्प्युटरचे आणि सगळीकडं वायरी. चहा दिला. मी म्हटलं चहा नंतर. ती म्हणाली, "सापडलंय, काका." मग माझ्या डोक्यावर ते मोठे कानाचे डबे बसवले. पडद्यावर पट्ट्या दिसत होत्या, एकाखाली एक. वरची पट्टी हातांची. ती तिनं खरंच बाजूला ओढली, परातीवरचं ताट सरकवावं तशी.

बायको ताठ बसलेली. "आम्ही पहाटे लवकर उठून…" आणि नाक वर केलं. वास घेतला. मान वळवली. कॅमेऱ्याकडं नाही, बाजूला. दाराकडं.

"आवो! तुमी तिकडं खांबासारकं काय उबं रायलाव? गॅस बंद करा, भात लागला!"

मी खुर्चीतून उठलो. वायर ताणली गेली, पोरीनं मला दंडाला धरून परत बसवलं.

"ह्यांना सगलं सांगावं लागतं गो," बायको बोलतच होती. "लगीन झालंय तवापासून सांगतंय. आता पन बग, हलतान का? दाराला टेका दिल्यावानी." मग एकदम तोंडावर हात. "अगो बाय. हे काढून टाक. काढशील ना? काढ गो."

तेवढंच नव्हतं. आणखी होतं. पोरगी एकेक झाकण उचलत गेली. एकात खोकली आणि खोकल्याला शिवी दिली. एकात पोरीला विचारलं, "तू सकालपासून काय खाल्लंस? नुसती बिस्कुटं?" एकात निवट्या कशा धरायच्या ते हातानं दाखवता दाखवता घरच्या बोलीत पार वाहून गेली, आणि मग आठवलं, आणि परत 'असू'. प्रत्येक वेळी जीभ चावली. प्रत्येक वेळी, "काढ गो."

मी परत लाव म्हटलं. परत लावलं. किती वेळा ते मोजलं नाही. ती माझ्याकडं बघून ओरडत होती आणि मी तिथं होतो. एवढंच पाहिजे होतं मला.

कानाचे डबे काढले तेव्हा पोरगी रडत होती. म्हणाली, "काका, माझं चुकलं. खऱ्या काकी या आहेत. मी शुद्ध शुद्ध वेचत बसले आणि चांगलं ते फेकलं. मी फिल्म बदलते. हेच ठेवते सगळं."

मी थकलो होतो. रडणाऱ्या माणसाला समजावायची ताकद आता माझ्यात राहिली नाही. मी म्हटलं, "तिनं तुला काय सांगितलं?"

"काढ म्हणाल्या."

"मग?"

"पण काका, त्या लाजत होत्या म्हणून. त्यात लाजण्यासारखं काय आहे? लोकांना हेच आवडेल. उलट…"

"तिला इचारता येतंय का आता? नाय ना? मग ती बोलली ते बोलली. लोकांना आवडो नायतर बोंबलो. लोकांसाठी ती नथ घालून बसलेली. ही माझी हाय. ही मना दे."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे." मोबाईलमध्ये सगळं टाकून दिलं. कसं उघडायचं ते दोनदा दाखवलं.

निघताना मी म्हटलं, "एक कर. हात येतात तवा ती बासरी वाजते, ती काढ. आमच्या घरात कोन बासरी वाजवत नाय."

"मग वालाचा आवाज हवा होता, काका. पण ते हळू दिसणारं शूटिंग असतं ना, त्यात आवाज येतच नाही."

म्हणजे त्या रविवारी बायको जे बोलली, कॅमेरावाल्याच्या केसांबद्दल वगैरे, ते कुठंच नाही. गेलं ते. मी म्हटलं, "मग गप ठेव. नुसते हात."

"आणि खालचं बोलणं?"

"ते पन थांबव. हात हायेत तोवर कोनी बोलाचं नाय."

"काका, एकदम शांत ठेवलं तर लोकांना वाटेल स्पीकर बिघडला."

"वाटू दे."

तिनं हातांची पट्टी परत जागेवर ओढली. मग म्हणाली, "ट्राय करते." तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला ते आवडलंय, पण आताच मला सांगायचं नाही.

फिल्म गावात दाखवली. देवळापुढच्या मंडपात पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. सगळं गाव आलं, भाडेकरू पण आले. पाग टाकताना मी दिसलो तेव्हा मागून कोणी तरी ओरडलं, "काका, चिखलात काय गावलं?" लोक हसले. मग बायको आली. सगळे गप झाले. "पूर्वी आम्ही सर्व महिला खाडीमध्ये जात असू." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या मागं तिची मैत्रीण होती, खाडीत बरोबर जाणारी. ती हळूच म्हणाली, "काय झाक बोलते गो, मास्तरीन वाटते." तिला अभिमान वाटला. तेव्हा मला कळलं की बायकोचं बरोबर होतं. ती ह्यांच्यासाठीच तशी बोलली होती.

आणि हात आले. आवाज बंद. पूर्ण. मंडपात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. चिमटी दाबते, साल निघते, दाणा परातीत पडतो, आणि आवाज नाही.

"ए, आवाज गेला!"

"वायर बग, वायर!"

"स्पीकरवाला झोपला का रं?"

स्पीकरवाला खरंच उठला. मी खुर्चीतूनच म्हटलं, "बस खाली. बरोबर हाय." तो बसला. पोरगी पडद्याच्या बाजूला उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. हात चालू होते. लोक हळूहळू गप झाले. तिचं ओरडणं ऐकायला मला त्या वेळी मोबाईल लागला नाही, कानाचे डबे लागले नाहीत.

मग बायको परत आली, नथीत, आणि पुढचं 'असू' बोलली.

घरी आलो. सुनेनं ताट वाढलं. बाजारातून सोललेल्या वालाचं पाकीट मिळतं आता, त्याचं बिरडं केलं होतं तिनं, सासूची आठवण म्हणून. चांगलं झालं होतं. ती म्हणाली, "बाबा, फिल्म मस्त होती. फक्त मधे मधे आईंचा आवाज कुठं जात होता?"

मी म्हटलं, "गॅस बंद कराला."